बीपीची गोळी घरात आल्यावर

(कुंडल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, 'बीपीची गोळी'. ते म्हणाले, "सर, व्याख्यान तासाभराचं आहे." त्यांची शंका रास्तच होती. कुंडलच्या व्यासपीठावर माणसं इतिहासावर बोलतात, सहकारावर बोलतात, पाण्यावर बोलतात. कुस्तीवर तर न बोलावताही बोलतात. गोळीवर काय बोलणार? पण इथं पन्नाशीच्या पुढची जी मंडळी बसली आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आज सकाळी एक बारीकशी गोळी घेतली असेल. आणि काहींनी 'आज बरं वाटतंय' म्हणून ती घेतली नसेल. मला बोलायचंय ते मुख्यतः या दुसऱ्या मंडळींशी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांशी.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवलं, आणि त्याआधी काही वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहिलो. डॉक्टरांना रोगी दिसतो; काउंटरमागच्या माणसाला रोग्याचं घर दिसतं. गोळ्या न्यायला कोण येतं, किती दिवसांच्या नेतं, कोणती 'राहू द्या' म्हणतं, हे तिथं कळतं. त्यावरून माझं एक मत झालंय, तेच आज मांडणार आहे. रक्तदाबाची औषधं जुनी, पारखलेली आणि आता स्वस्तही आहेत. त्यांच्यापासून होणारा बराचसा त्रास गोळीच्या अंगचा नसतो. कोण कोणती गोळी कशासाठी घेतंय, याचा हिशोब घरात कुणाकडेच नसतो, म्हणून तो होतो.

आधी थोडा इतिहास, कारण कुंडलला आल्यावर त्यातून सुटका नाही. १९४३ साली या भागात प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं तुम्हाला मी सांगायला नकोत. त्या दिवसांत इथल्या एखाद्या म्हाताऱ्याचा रक्तदाब वाढला, तर त्याच्यासाठी औषध नव्हतं. खेडं होतं, इंग्रज सरकारशी झुंज चालली होती, समजू शकतो. पण त्याच वेळी जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षासाठीही औषध नव्हतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९४४ च्या मार्चमध्ये तपासलं, तेव्हा वरचा आकडा १८६ आणि खालचा १०८ होता. उपाय काय केले, तर मीठ कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि गुंगीच्या गोळ्या. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. शेवटच्या दिवशीची नोंद ३०० आणि १९० अशी आहे. त्या काळातले काही नामवंत डॉक्टर तर असंही मानत, की वाढलेला दाब ही शरीराचीच काही गरज असावी, उगाच त्याला हात लावू नये.

मग चारच वर्षांत, १९४९ साली, एक निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. लिहिणारे होते मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील. औषध कोणतं? सर्पगंधा. आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक असलेली मुळी. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याबद्दल लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष वेधलं ते वकिलांच्या निबंधानं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि काही वर्षं ते जगभर गाजलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या माणसानं केलेलं एवढं मोठं काम, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यावर एक परिच्छेद नाही, याची मला खंत आहे. पण तो आजचा विषय नाही.

त्याच सर्पगंधेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेसर्पिन जास्त मात्रेत घेणाऱ्या काही जणांना नाक चोंदणं, पोटात जळजळ आणि गंभीर औदासीन्य, असा त्रास झाला. पुढं त्याहून सोयीची औषधं आली आणि ते मागं पडलं. मुळीच होती ना ती? झाडपाल्याचीच होती ना? काउंटरवर मला रोज कुणीतरी सांगायचं, "आयुर्वेदिक आहे, त्यानं काय अपाय होत नाही." ज्याचा उपाय होतो, त्याचा अपायही होऊ शकतो. बीपीसाठी म्हणून कुठलं चूर्ण, काढा किंवा पुडी चालू असेल, तर घ्या किंवा घेऊ नका, पण डॉक्टरांपासून लपवू नका. उदाहरणार्थ, खोकल्यासाठी आपण चघळतो ते ज्येष्ठमधच बघा. रोज आणि भरपूर खाल्लं, तर ते दाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम घटवतं. ही गोष्ट वैद्य आणि डॉक्टर दोघंही मान्य करतील.

आता 'बरं वाटतंय' या वाक्याकडं वळतो. आपल्या भागात औषधाचा कायदा सरळ आहे: दुखतंय तोवर गोळी, थांबलं की बंद. तापाला हा कायदा चालतो. रक्तदाबाला चालत नाही, कारण तो दुखतच नाही. दीडशे-शंभर दाब घेऊन माणूस ऊस तोडतो, द्राक्षाची छाटणी करतो, लग्नात पंगती वाढतो. आतून मात्र त्याच्या रक्तवाहिन्या, हृदय, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड झिजत असतात. डोकं दुखलं की 'बीपी वाढलं' आणि थांबलं की 'उतरलं', हा आपला अंदाज बहुतेकदा चुकतो. आकडा यंत्रच सांगतं.

त्यात आणखी एक फसगत आहे, ती फारशी कुणी समजावून सांगत नाही. एमलोडिपिन नावाची गोळी आपल्याकडं सर्रास दिली जाते. ती अंगात हळूहळू भिनते आणि हळूहळूच निघते. निम्मी बाहेर पडायला दीड-दोन दिवस लागतात. तिचा पूर्ण गुण यायलाही आठवडाभर तरी लागतो, टेल्मिसार्टन या दुसऱ्या गोळीला तर चारेक आठवडे. याचे दोन परिणाम होतात. गोळी सुरू करून चौथ्या दिवशी माणूस म्हणतो, "काय फरक न्हाई," आणि दवाखाना बदलतो. आणि गोळी बंद केल्यावर चौथ्या दिवशी म्हणतो, "बंद केली तरी काय झालं न्हाई," आणि ती कायमची सोडतो. दोन्ही वेळा त्याचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष चूक असतो. दाब नंतर, गुपचूप, वर चढतो.

काही गोळ्यांच्या बाबतीत मात्र बंद केल्याचा परिणाम गुपचूप होत नाही. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या हृदयाचे ठोके आवरतात. त्या एकदम थांबवल्या, तर छातीत धडधड, दुखणं, आधीच हृदयरोग असेल तर झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन एकदम सोडलं, तर दाब उसळून पूर्वीपेक्षा वर जातो. म्हणून गोळी बंद करायची असेल, तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्यानं. त्रास होतोय म्हणून बंद करायची असेल, तर तेही सांगा, दुसरी गोळी मिळते. एमलोडिपिननं काहींच्या पायांवर घोट्याशी सूज येते. एनालाप्रिल, रामिप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो, तो खोकल्याच्या औषधानं जात नाही. मी पाहिलेला प्रकार असा, की पहिल्या गोळीची सूज उतरवायला एकानं लघवीची गोळी दिली, खोकल्यासाठी दुसऱ्यानं सिरप दिलं, आणि मूळ गोळ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. दोनाची चार औषधं झाली. सूज आली, खोकला लागला, तर 'ही गोळी सुरू झाल्यावर हे सुरू झालं' एवढं एक वाक्य डॉक्टरांपुढं बोला.

एका दुपारची गोष्ट सांगतो. एक मावशी दुकानात आल्या, साठीच्या. चक्कर येते म्हणत होत्या, 'शक्तीची गोळी' मागत होत्या. मी म्हटलं, "मावशी, चालू गोळ्या कोणत्या?" त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कापलेल्या पाकिटांचे तुकडे होते, रबरात गुंडाळलेले. काही तुकड्यांवर नावाची अर्धीच अक्षरं, मुदतीची तारीख तर कशावरच नाही, कारण तारखेची कडा दुकानात राहिलेल्या पाकिटावर गेली होती. एक एक तुकडा लावत बसलो. तेव्हा कळलं, की दोन वेगळ्या नावांच्या दोन गोळ्या आतून एकच होत्या, टेल्मिसार्टन. एक इथल्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी पुण्याच्या मुलानं तिथं दाखवून आणलेली. मुलाला वाटलं, आईनं जुनी बंद केली असेल. आईला वाटलं, पुण्याची गोळी म्हणजे वेगळी आणि भारी असणार. बाई महिनाभर दुप्पट मात्रा घेत होत्या. वर तिसरी गोळी होती, लघवीवाटे पाणी काढणारी. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येत होती, ती त्यामुळं. शक्तीची गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोन लावून दिला.

यात कोण चुकलं म्हणाल? डॉक्टर दोघंही बरोबर होते. मुलगा तर काळजीनं करत होता. एक कागद घरात असता, तर हे झालं नसतं. त्या कागदावर कंपनीनं दिलेलं नाव नको, पाकिटावर त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं नाव हवं. एकाच औषधाची बाजारात ढीगभर नावं असतात. नावाच्या शेवटी एखादं अक्षर वाढलं, 'एएम' लागलं किंवा 'एच' लागलं, की आत दुसरं औषध मिसळलेलं असतं. ४० च्या जागी ८० आलं, की मात्रा दुप्पट होते. दुकानात पोरगा पाकीट हातात ठेवतो, आपण रंग बघून घेतो. रंग बघू नका, नाव वाचा. वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला लावा. जनऔषधी केंद्रातल्या पाकिटावर तर औषधाचंच नाव ठळक असतं, आणि पैसेही वाचतात. पूर्ण पाकीट परवडत नसेल आणि कापूनच घ्यायचं असेल, तर तारखेच्या बाजूचा तुकडा मागा. मेडिकलवाला कुरकुर करील. करू द्या.

आता गुडघ्यांवर येतो, म्हणजे गुडघ्यांच्या गोळीवर. आपल्या भागात बीपीच्या गोळीचा मोठा वैरी मीठ, आणि त्याच्या खालोखाल माझ्या हिशोबानं दुखण्याची गोळी. ऊसतोडीला, भांगलणीला, द्राक्षबागेत दिवसभर उभं राहून कंबर आणि गुडघे धरतात. मग डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, दोन रुपयांत आराम. ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, दाब वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा गुण मारतात. डॉक्टर म्हणतात, "गोळी लागू पडत नाही," आणि मात्रा वाढवतात. त्याहून वाईट म्हणजे टेल्मिसार्टनसारखी गोळी, पाणी काढणारी गोळी आणि दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आल्या, की मूत्रपिंडावर भार येतो. म्हाताऱ्या माणसाचं मूत्रपिंड अचानक बसूही शकतं. मग लोक म्हणतात, "बीपीच्या गोळीनं किडनी गेली." खरं तर वाढलेला दाबच मूत्रपिंडाचा घात करतो, आणि ही गोळी नीट दिली तर ते राखते. वर्षातून निदान एकदा, आणि नवी गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायला डॉक्टर सांगतात, ते पैसे काढायला म्हणून सांगत नाहीत. दुखण्यासाठी काय घ्यावं हे विचारून घ्या. बहुतेकांना साधी पॅरासिटामॉल मापात चालते. आणि 'हातपाय दुखण्याची देशी पुडी' म्हणून बिनलेबलची जी पुडी बाजारात मिळते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. तीही दाब वाढवते. सर्दीच्या काही गोळ्यांतलं फेनिलेफ्रिनही तेच करतं. सर्दीची गोळी मागताना 'मला बीपी आहे' एवढे तीन शब्द बोलायला काय लागतं?

मिठाबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंय, म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण सगळं आलं. उपासाला सैंधव चालतं म्हणून बीपीलाही चालतं, हा समज सोडा. सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराईडच. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ चांगलं असतं, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. उपासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीनं एकादशी मोडत नाही, आणि मोडतच असेल, तर ते मी माझ्या शिरावर घेतो.

वारीला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. आषाढीला इथून पायी जाणारे पुष्कळ आहेत. घाम जातो, पाणी कमी प्यायलं जातं, वाटेत एखाद्याला जुलाब लागतात. अशा वेळी पाणी काढणाऱ्या गोळीनं आणि टेल्मिसार्टननं दाब फार उतरू शकतो. क्लोर्थॅलिडोनसारख्या गोळीनं म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम घटतं. माणूस मलूल होतो, असंबद्ध बोलतो, घरचे म्हणतात वयानं झालं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, की या दोन दिवसांत कोणती गोळी थांबवू आणि परत कधी सुरू करू. आणि मीठ-साखरेचं पाणी 'बीपी आहे' म्हणून नाकारू नका, तेव्हा ते लागतंच.

एका गोळीचं सामर्थ्य किती असतं, ते कळायला महाडला जावं लागतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून पोरं दगावत. विषामुळं अंगात ॲड्रिनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी रक्तदाबाची एक गोळी, प्राझोसिन, त्यावर वापरायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण इतकं घटलं, की १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी ते मांडलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन दिलेल्या पोराला उचलून कडेवर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं, ही त्या उपचारातली मोठी काळजी, कारण उभं केलं की दाब एकदम कोसळतो. आता हीच जातकुळी आपल्या घरातही असते. वयस्कर पुरुषांना लघवी अडते म्हणून टॅम्सुलोसिन दिलं जातं, ते या औषधांचंच भावंड. रात्री ती गोळी, वर बीपीची गोळी, मग मध्यरात्री लघवीला म्हणून तात्या ताडकन उठतात आणि उंबऱ्यात पडतात. खुब्याचं हाड मोडतं. म्हणून उठताना आधी अंथरुणात बसा, पाय खाली सोडा, शंभर आकडे मोजा, मग उभे राहा. पाणी काढणारी गोळी रात्री नको, सकाळीच. बाकीची गोळी सकाळी की रात्री, यावर फार वाद झाले. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेल्या टाइम नावाच्या अभ्यासानं २०२२ मध्ये सांगितलं, की हृदयविकाराच्या धोक्यात फरक पडत नाही. तुमच्या लक्षात राहील ती वेळ चांगली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्यांनी पाळी बदलली तरी शक्यतो एकच वेळ धरावी. एखाद्या दिवशी विसरलात, तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

घरातल्या सुना-लेकींसाठी एक गोष्ट, ती इथं मोठ्यानं बोलायला कुणी लाजू नये. तरुण बायकांनाही रक्तदाब असतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्या काळासाठी लॅबेटॅलॉल, मिथिलडोपा अशी वेगळी औषधं आहेत. मूल हवं असेल, तर आधीच सांगा. दिवस गेले असतील, तर त्याच आठवड्यात जा. 'सासूबाईंची गोळी मला पण लागू पडेल' म्हणून तर चुकूनही घेऊ नका.

दाब मोजण्याबद्दल फार बोलत नाही. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, लघवीला जाऊन या, आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको, आणि मोजताना सुनेबद्दल बोलू नका. एका आकड्यावर घाबरू नका, एका आकड्यावर खूश होऊन गोळीही सोडू नका. आकडा फार वर दिसला, म्हणून एक कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची पद्धत आपल्याकडं बरीच वर्षं चालली. निफेडिपिनची ती कॅप्सूल दाब इतक्या झटक्यानं पाडते, की मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरत नाही. त्यानं झटके आल्याचं १९९६ पासून वैद्यकीय नियतकालिकांनी बजावून सांगितलंय. काही त्रास होत नसेल, तर शांत बसा, चुकलेली गोळी घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागलं, छातीत दुखलं, दम लागला, तर गोळ्यांशी खेळ करायचा नाही, १०८ ला फोन. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि कुंडलपासून मिरज किंवा कराडला पोचायला, तपासणी व्हायला त्यातला वेळ जातो, हे ध्यानात ठेवा.

हे सगळं सांभाळायला एकटा डॉक्टर पुरत नाही, हे सरकारलाही उमगलंय. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये छापलेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र, राज्यं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला शेजारी सातारा. त्यात नवं औषध एकही नव्हतं. मोजकी दोन-तीन औषधं, ठरलेला क्रम, महिन्याची गोळी फुकट, प्रत्येकाचं कार्ड आणि जो आला नाही त्याला फोन. २०२२ मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. सरकारी गोळी हलकी आणि खासगीतली भारी, असं मानणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कार्ड कुठं मिळतं?

कार्डाची किंमत आपल्याला पुरानं दाखवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. ८ तारखेला आपल्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, ते दुःख अजून ताजं आहे. नदीकाठची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावरच्या शाळांत, नातेवाइकांकडं आली. गोळ्या घरात, घर पाण्यात. "कोणती गोळी होती?" "बारीक, पांढरी." बारीक पांढऱ्या गोळ्या बाजारात शेकड्यांनी आहेत. मधुमेहाची, थायरॉईडची, रक्त पातळ करणारी, सगळ्याच बारीक आणि पांढऱ्या. अंदाजानं देणारा डॉक्टर मोठी जोखीम घेतो, आणि न देणारा त्याहून मोठी. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. मधल्या २०२० मध्ये इस्लामपूरला कोरोना आला, आणि मोबाईलवर फिरलं, की टेल्मिसार्टननं कोरोना वाढतो. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये 'गोळ्या सोडू नका' असं जाहीर केलं होतं, पण ते आपल्या मोबाईलपर्यंत पोचायला उशीर लागला. कित्येकांनी गोळ्या सोडल्या.

म्हणून माझ्या दोन विनंत्या. पहिली घरोघरी. उद्या घरातली सगळी औषधं, बीपीची, साखरेची, दुखण्याची, वैद्यांची, पुण्याहून आलेली, सगळी एका पिशवीत भरा आणि पुढच्या तपासणीला ती पिशवीच डॉक्टरांपुढं ओता. कोणती चालू, कोणती बंद, हे एका कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. दुसरी विनंती ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, गावातल्या रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांची यादी अद्ययावत करा, औषधाच्या नावासकट, आणि तिची एक प्रत आरोग्य केंद्रात सुरक्षित ठेवा. यादी खासगी आहे, तिची चर्चा चावडीवर नको. पूर यायचा तेव्हा येईल, पण नदीकाठच्या पाहुण्यांना आपल्या शाळेत उतरवून घेताना पहिला प्रश्न जेवलात का असेल, तर दुसरा 'गोळी घेतलीत का, आणि कोणती?' हा असू द्या.